हुआ हिनची पहिली गोल्फ सहल

पुण्याच्या मार्केट यार्डात मसाल्याच्या पदार्थांची आडत असलेल्या एका कुटुंबाची गोष्ट. दिवाळीची वहीपूजा होऊन आठवडा झाला होता. ज्या निर्यातदाराकडे त्यांचा माल वर्षानुवर्षे जातो, त्याने घरातील थोरल्या मुलाला निरोप पाठविला: डिसेंबरात चार रात्रींसाठी थायलंडमधील हुआ हिन येथे जावयाचे आहे, तीन दिवस गोल्फ, सोबत आणखी सहा व्यापारी. मुलाने जेमतेम दीड वर्षापूर्वी खेळावयास आरंभ केलेला. निरोप वाचून दाखविताच वडिलांनी विचारले, "एकूण किती?" आईने विचारले, "तिथे जेवायचे काय?" आणि मुलाच्या मनातील प्रश्न, जो त्याने उच्चारला नाही, तो असा की इतक्या मुरलेल्या खेळाडूंपुढे आपले हसे तर होणार नाही?

हे तीनही प्रश्न रास्त आहेत. आपल्या समाजातील तरुण व्यावसायिक मोठ्या संख्येने गोल्फकडे वळत असल्याने आज ते अनेक घरांत विचारले जात असतील. भारतात हा खेळ नवा नव्हे. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ मध्ये स्थापन झाला आणि ब्रिटनबाहेरील तो सर्वांत जुना क्लब मानला जातो. परंतु व्यापारी पेठेतील माणसाला हा खेळ साहेबांचा व लष्करी अधिकाऱ्यांचा वाटत आला. मैदाने मोजकी, सभासदत्व दुर्मीळ. त्यामुळे ज्यांना चार दिवस मनसोक्त खेळावयाचे आहे, ते साडेचार तासांच्या विमानप्रवासाने बँकॉक गाठतात आणि तेथून दक्षिणेकडे निघतात.

हुआ हिन हे बँकॉकपासून सुमारे २०० किलोमीटरवर, थायलंडच्या आखाताच्या पश्चिम किनाऱ्यावर, प्रचुआप खिरी खान प्रांतात वसलेले आहे. १९११ मध्ये येथे रेल्वे आली आणि कोळ्यांच्या वस्तीचे विश्रामनगर झाले. १९२३ मध्ये रेल्वेने स्वतःचे हॉटेल बांधले. सागवानी सज्जांची ती वास्तू आजही दिमाखात उभी असून, १९८४ च्या 'द किलिंग फील्ड्स' या इंग्रजी चित्रपटात नॉम पेन्ह येथील हॉटेल म्हणून तीच दाखविली आहे. हॉटेलपाठोपाठ १९२४ मध्ये, रेल्वेच्या सेवेतील ए. ओ. रॉबिन्स या स्कॉटिश अभियंत्याच्या आराखड्यानुसार रेल्वे स्थानकाच्या पलीकडे गोल्फचे मैदान तयार झाले. रॉयल हुआ हिन हे थायलंडमधील पहिले प्रमाणित अठरा होलचे मैदान होय. राजे प्रजाधिपोक, म्हणजे सातवे राम, यांना या खेळाची मोठी आवड. त्यांनी येथे बांधलेल्या प्रासादाचे नाव क्लाय कांगवोन, अर्थात 'चिंतेपासून दूर'. २४ जून १९३२ रोजी बँकॉकमध्ये सत्तापालट होऊन अनियंत्रित राजेशाही संपुष्टात आली, तेव्हा राजे हुआ हिन येथेच होते आणि ती वार्ता त्यांना गोल्फ खेळताना मिळाली, असे सांगितले जाते.

पहिल्या सहलीत बहुतेकांची चूक होते ती हाव धरल्याने. चार दिवसांत पाच मैदाने, एका दिवशी सकाळ-दुपार मिळून छत्तीस होल, असा बेत कागदावर फार सुंदर दिसतो. प्रत्यक्षात अठरा होलला चार ते पाच तास लागतात, हवा दमट असते आणि तिसऱ्या दिवशी कंबर बोलू लागते. नवख्याने तीन फेऱ्या, त्याही एकेक दिवशी एक, एवढ्यावरच थांबावे. क्रम कोणता असावा, याबद्दलही थोडा विचार करावा. पहिल्या दिवशी रॉयल हुआ हिन उत्तम. मैदान जुने आहे, शहरातच आहे, शुल्क तुलनेने कमी आहे आणि सावली देणारी झाडे भरपूर. दुसऱ्या दिवशी हुआ हिन आणि चा-अम यांच्या मधील पाम हिल्स किंवा चा-अमकडील स्प्रिंगफील्ड रॉयल घ्यावे. स्प्रिंगफील्डचा आराखडा विख्यात खेळाडू जॅक निक्लॉस यांचा आहे. ब्लॅक माउंटन हे २००७ मध्ये खुले झालेले, डोंगराच्या कुशीतील मैदान या परिसरातील सर्वांत नावाजलेले आणि सर्वांत महागही आहे. त्यावर आंतरराष्ट्रीय व्यावसायिक स्पर्धा झालेल्या आहेत. ते शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवावे. प्रवासाच्या शिणवट्यात पहिल्याच दिवशी तेथे जाऊन सगळे चेंडू पाण्यात घालविणे म्हणजे पैसे मोजून मनस्ताप विकत घेणे होय. पूर्वी बन्यन या नावाने ओळखले जाणारे आणि आता पाइनॲपल व्हॅली म्हणविणारे मैदानही तोलामोलाचे आहे. नाव सार्थ आहे, कारण ते अननसाच्या मळ्याच्या जागेवर उभे राहिले आणि हा प्रांत अननसासाठीच प्रसिद्ध आहे.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाऊस ओसरलेला असतो, उकाडा त्या मानाने सौम्य. चातुर्मासात प्रवास टाळणाऱ्या कुटुंबांना ही गोष्ट सोयीची आहे, कारण कार्तिकी पौर्णिमेनंतरच खरा हंगाम सुरू होतो. अडचण एवढीच की याच दिवसांत युरोपातील थंडीला कंटाळलेले खेळाडूही येथे येतात. दर चढतात आणि सकाळच्या वेळा महिना-महिना आधी भरतात. मार्च ते मे दर उतरतात, पण मुंबई-पुण्याचा उन्हाळा सोसलेल्या माणसालाही तेथील एप्रिल जड जातो.

सकाळची वेळ मिळविण्यासाठी मात्र आग्रह धरावा, आणि हे केवळ उन्हासाठी नव्हे. डिसेंबरात हुआ हिन येथे सूर्योदय साडेसहाच्या सुमारास व सूर्यास्त सहाच्या आतच होतो. दुपारी साडेबारा-एकला खेळ सुरू केला, तर शेवटचा होल अंधारात संपतो, मग स्नान, मग भोजनगृह, आणि चौविहार पाळणाऱ्याला त्या रात्री उपाशी झोपावे लागते. साडेसात ते आठ ही सुरुवातीची वेळ घेतली, तर नवकारसी पारून, न्याहारी करून मैदानावर उभे राहता येते आणि साडेबारा-एकला जेवणाच्या टेबलावर बसता येते. सहल ठरविणाऱ्याला हे आधीच स्पष्टपणे सांगावे. ऐन वेळी सांगितले की ते नखरे वाटतात, आधी सांगितले की ती व्यवस्था ठरते. घड्याळ भारतापेक्षा दीड तास पुढे असते, हेही पहिल्या सकाळी लक्षात असावे.

जेवणाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण याच बाबतीत अर्धवट माहितीने घात होतो. 'थायलंडमध्ये व्हेज मिळते' हे वाक्य जितके खरे, तितकेच फसवे. थाई स्वयंपाकात माशांपासून केलेले नाम प्ला हे द्रव मिठासारखे वापरले जाते. भाजी हिरवी दिसते, पण तिच्यात ऑयस्टर सॉस असतो. लाल किंवा हिरव्या करीच्या वाटणात बहुधा सुक्या कोळंबीचा अंश असतो. 'मांग-सा-विरत' हा शब्द शाकाहारासाठी आहे, तथापि त्यात अंडे चालते. आपल्याला उपयोगी पडणारा शब्द आहे 'जे'. चिनी बौद्ध परंपरेतून आलेल्या या आहारात मांस, मासे, अंडी, दूध तर वर्ज्य असतेच. शिवाय कांदा, लसूण आणि तत्सम उग्र पदार्थही वर्ज्य असतात. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत हे चिन्ह ज्या दुकानावर लावलेले असते, तेथे निम्मे काम झाले असे समजावे. निम्मेच, कारण 'जे' आहारात बटाटा, गाजर, मुळा आणि अळंबी चालतात. जमिनीखाली पिकणारे न खाणाऱ्या माणसाला तेवढे वेगळे सांगावेच लागते. 'किन जे' म्हणजे 'मी जे आहार घेतो', 'माय साय खाय' म्हणजे 'अंडे घालू नका', 'माय साय नाम प्ला' म्हणजे 'माशांचा रस घालू नका'. थाई भाषा सुरांची असल्याने आपला उच्चार समोरच्याला कळेलच असे नाही. म्हणून हॉटेलातील कर्मचाऱ्याकडून पहिल्याच दिवशी थाई लिपीत एक चिठ्ठी लिहून घ्यावी, त्यात काय चालत नाही याची पूर्ण यादी असावी आणि ती पाकिटात ठेवावी.

मैदानावर दर काही होलनंतर लहानशी विश्रांतीची टपरी असते. तेथे अंड्याचा भात आणि नूडल्स मिळतात, ते आपल्या कामाचे नाही. शहाळे मात्र हमखास मिळते, केळी मिळतात, आणि गोल्फच्या पिशवीतील एक कप्पा खाखरा, कोरडा चिवडा, शेंगदाण्याची चिक्की व सुकामेवा यांसाठी राखून ठेवला की अठरा होल सुखाने पार पडतात. फळांची तर रेलचेल असते: अननस, पोमेलो, रांबुतान. नारळाच्या दुधात शिजविलेला चिकट भात व आंबा हा पदार्थ बहुतेकांना आवडतो. हुआ हिन हे पर्यटकांचे शहर असल्याने भारतीय भोजनगृहे आहेत, पण तेथेही कांदा-लसणाविना हवे असल्यास सकाळीच कळवावे. बँकॉकमध्ये चिंता नाही. सिलोम भागात रत्नव्यापारातील जैन कुटुंबे अनेक वर्षांपासून स्थायिक आहेत आणि त्या परिसरात जैन भोजन मिळते. जाता-येता एक मुक्काम तेथे ठेवल्यास पोटाची घडी नीट बसते.

साहित्याविषयी एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. गोल्फचा हातमोजा बहुधा मेंढीच्या मऊ कातड्याचा असतो, आणि महागड्या बुटांचेही तसेच. ज्यांना चामडे वापरावयाचे नाही, त्यांच्यासाठी कृत्रिम धाग्यांचे हातमोजे व बूट सर्व नामांकित कंपन्या बनवितात. उलट दमट हवेत कृत्रिम हातमोजाच अधिक टिकतो. चेंडू तर आता कृत्रिम आवरणाचेच असतात. त्यांचे दोन डझन बरोबर घ्यावेत. दोन डझन ऐकून हसू येईल, परंतु येथील मैदानांवर पाणी इतके आहे की तिसऱ्या दिवशी हसू मावळते.

नियमानुसार एका खेळाडूला चौदा क्लब बाळगता येतात. पिशवीसह त्यांचे वजन बारा ते पंधरा किलोच्या घरात जाते. विमान कंपनीचे तिकीट घेतानाच क्रीडासाहित्याचे वेगळे वजन नोंदवावे. विमानतळावर मोजलेला दर फार महाग पडतो. ड्रायव्हरचे डोके निघत असेल तर काढून कपड्यांत गुंडाळावे आणि अंतर मोजण्याचे यंत्र बॅटरीसह हातातील सामानात ठेवावे. महागडा संच बरोबर नेणाऱ्याने निघताना भारतीय कस्टम्सकडून त्याचा निर्यात दाखला करून घ्यावा, म्हणजे परतताना 'हे तिकडे विकत घेतले काय' या प्रश्नाला कागदाने उत्तर देता येते. नवख्याने खरे तर पहिल्या खेपेस संच भाड्यानेच घ्यावा. अपवाद बुटांचा, ते स्वतःचेच हवेत आणि पायाला सवय झालेले हवेत.

आता वडिलांचा प्रश्न, 'एकूण किती?' सहल आयोजकाचा आकडा हा कधीच एकूण आकडा नसतो. त्यात मैदानाचे शुल्क, हॉटेल आणि वाहन असते. कॅडीचे शुल्क कधी असते, कधी नसते. बग्गी काही मैदानांवर सक्तीची असते. कॅडीचे बक्षीस तर नसतेच. प्रत्येक ओळ स्वतंत्र विचारून लेखी घ्यावी. परदेशी सहलीच्या पॅकेजवर आयोजक टीसीएस वसूल करतो. अनेकांना हा वाया गेलेला कर वाटतो. तो तसा नाही. तो आपल्या पॅनवर जमा होतो, २६एएस मध्ये दिसतो आणि विवरणपत्रात वळता करून घेता येतो. त्याचे दर अर्थसंकल्पागणिक बदलत आले आहेत, म्हणून भरतेवेळचा दर पाहावा आणि पावती जपावी. निवासी भारतीयाला उदारीकृत प्रेषण योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा असल्याने मर्यादेची चिंता कोणालाच नसते. पण कुटुंबातील कोणाच्या पॅनवर खर्च दाखवावयाचा, हे सनदी लेखापालाला आधी विचारलेले बरे. रोख परकीय चलन प्रत्येक प्रवासी तीन हजार डॉलरपर्यंत नेऊ शकतो. इतके लागत नाही.

त्या निर्यातदाराने सहलीचा खर्च स्वतः करण्याचे मनात आणले होते. येथे एक मुद्दा बहुतेक व्यापाऱ्यांच्या नजरेतून सुटतो. १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार व्यापारसंबंधातून मिळणाऱ्या अशा लाभाचे मूल्य वर्षाला २०,००० रुपयांहून अधिक झाल्यास देणाऱ्याने त्यावर दहा टक्के करकपात करणे अपेक्षित आहे. अर्थात घेणाऱ्याच्या हातीही ते उत्पन्नच ठरते. कंपन्या आपल्या विक्रेत्यांना 'फुकट' परदेशी नेतात, ते फुकट नसते. वडिलांनी हे जाणले आणि मुलाचा खर्च स्वतःच्या खाजगी खात्यातून, पेढीच्या वहीत न घालता, आपणच करण्याचे ठरविले. त्यामागे कर हे एकच कारण नव्हते. ज्याच्याशी भावाची घासाघीस करावयाची, त्याचे मीठ चार दिवस खाऊन येणे त्यांना रुचले नाही.

परदेशात कार्ड वापरताना यंत्र विचारते, रक्कम रुपयांत आकारावी की बाटमध्ये? उत्तर नेहमी बाट. रुपये निवडले की दुकानदाराच्या बँकेचा चढा विनिमय दर लागतो आणि तो पावतीवर बारीक अक्षरांत लपलेला असतो. एटीएममधून पैसे काढताना तेथील बँका परदेशी कार्डावर प्रत्येक वेळी २२० बाट किंवा त्याहून अधिक शुल्क घेतात. म्हणून पाचदा थोडे थोडे काढण्यापेक्षा एकदाच काढावेत. बक्षिसासाठी शंभरच्या नोटा हव्यात.

व्हिसाचे नियम अलीकडे वारंवार बदलले असल्याने ते तिकीट काढण्यापूर्वी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावरच पाहावेत. १ मे २०२५ पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाला आगमनाचे डिजिटल कार्ड पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरावे लागते. ते विनामूल्य आहे. त्यासाठी पैसे मागणारी जी संकेतस्थळे आढळतात, ती शासनाची नव्हेत. प्रवास विमा घेताना मधुमेह, रक्तदाब, पूर्वी झालेली अँजिओप्लास्टी हे सर्व लिहावे. चार-पाचशे रुपयांचा हप्ता वाचविण्यासाठी लपविलेली गोष्ट परदेशातील रुग्णालयात लाखांनी महाग पडते. साठीच्या पुढील मंडळींनी उन्हात चालून खेळण्याचा अभिमान बाळगू नये, बग्गी घ्यावी. आकाशात वीज चमकली, भोंगा वाजला, की हातातला क्लब खाली ठेवून निघावे. उंच झाडाखाली थांबू नये.

मुलाच्या मनातील न उच्चारलेल्या प्रश्नाकडे आता यावयास हवे. हसे होते ते वाईट खेळल्याने नव्हे. गोल्फमध्ये हँडिकॅप ही पद्धतच अशी आहे की कच्चा खेळाडू पक्क्यासोबत खेळू शकतो. २०२० पासूनच्या जागतिक पद्धतीत तो ५४ पर्यंत असू शकतो. चिडचिड होते ती खोळंब्याने. चेंडू हरवला तर शोधण्यासाठी नियमाने तीनच मिनिटे आहेत. आपली पाळी येण्यापूर्वी क्लब हातात हवा. एखाद्या होलवर दहा फटके झालेच, तर चेंडू उचलून पुढे चालू लागावे, कोणी काही म्हणत नाही. दुसरा ग्रीनवर चेंडू ढकलत असताना त्याच्या रेषेवर पाय देऊ नये, सावली पडू देऊ नये आणि फोन तर खिशात मुका करूनच ठेवावा. व्यापारी माणसाला हे शेवटचे सर्वांत अवघड जाते. सर्वांत मागची टी निवडण्याचा मोह टाळून पुढच्या टीवरून खेळावे. चेंडू दुसऱ्याकडे निघाला तर संकोच न करता 'फोर' अशी आरोळी ठोकावी.

थायलंडमध्ये प्रत्येक खेळाडूमागे एक कॅडी असते, आणि बहुतेक सर्व कॅडी स्त्रिया असतात. अंतर, वाऱ्याचा रोख, ग्रीनवरील गवताचा कल त्यांना पाठ असतो. नवख्याने ग्रीनवर स्वतःचे डोके चालवू नये. तिने बोट दाखविले, तेथे मारावे. चेंडू चुकला म्हणून तिच्यावर डाफरणारे लोक दिसतात आणि ते पाहून लाज वाटते. थाई भाषेत वयाने मोठीला 'फी' आणि लहानीला 'नोंग' म्हणतात, आपल्या ताई-धाकटीसारखे. त्या संबोधनाने हाक मारली तर चेहरा खुलतो. बक्षीस साधारण ३०० ते ४०० बाट, खेळ संपल्यावर तिच्याच हाती द्यावे. हे बक्षीस तिच्या उत्पन्नाचा मोठा भाग असते, तेव्हा त्यात घासाघीस नको. हे राजनिवासाचे नगर आहे, ठिकठिकाणी राजघराण्याची चित्रे आहेत. त्यांच्याविषयी थट्टेचा एक शब्दही काढू नये. तेथील कायद्यात त्यासाठी तीन ते पंधरा वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे.

संध्याकाळचा प्रश्न निराळा. गोल्फच्या गटांत होलमागे पैसे लावून खेळण्याची रीत सर्रास आहे आणि रात्री हॉटेलच्या खोलीत तीनपत्तीचा डाव रंगतो. सप्तव्यसनांत पहिले नाव कशाचे, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. पण ज्यांना धर्माज्ञा जुनी वाटते, त्यांनी निदान थाई कायदा वाचावा. तेथे जुगार गुन्हा आहे, आणि पत्त्यांविषयीच्या कायद्यानुसार १२० पेक्षा अधिक पत्ते जवळ बाळगणेही गुन्हा आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये पट्टाया येथे ब्रिज खेळत बसलेल्या बत्तीस वयस्क परदेशी पर्यटकांना व रहिवाशांना पोलिसांनी याच कारणावरून ताब्यात घेतले होते. ई-सिगारेटवरही बंदी आहे. तरुणांना एक गोष्ट घरच्यांनी तोंड उघडून सांगितलीच पाहिजे. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात लपविलेला गांजा मुंबई विमानतळावर वरचेवर पकडला जातो. परतताना कोणाचीही पिशवी, पुडके, 'एवढे माझ्या भावाला दे' असे काहीही घेऊ नये. गोल्फची पिशवी कप्प्यांची असते, तिला स्वतःच्या हाताने भरावे व कुलूप लावावे.

कुटुंबाला सोबत नेणाऱ्यांनी एक दिवस गोल्फविना ठेवावा. चा-अमजवळील म्रिगदायवन हा सहाव्या राम राजांचा सागवानी समुद्रमहाल अवश्य पाहावा. खाओ साम रोई योत राष्ट्रीय उद्यानात फ्राया नाखोन नावाची गुहा आहे. तिच्या छताला पडलेल्या भगदाडातून ऊन उतरते ते १८९० मध्ये पाचव्या राम राजांसाठी उभारलेल्या मंडपावर. चढण मात्र दमविणारी आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच किनाऱ्यावर बसावे.

मार्केट यार्डातील तो मुलगा डिसेंबरात गेला. आईने दशम्यांचे व खाखऱ्यांचे सहा डबे दिले होते, त्यांतील चार सोबतच्यांनीच संपविले. पहिल्या सकाळी होलमागे पाचशे बाट लावण्याचे ठरत होते. तो म्हणाला, "मी पैशांवर खेळत नाही. हरलो तर सगळ्यांचे शहाळे माझ्याकडून." क्षणभर शांतता झाली. मग निर्यातदारानेच विषय बदलला. मैदान जुने असल्याने पहिल्या नऊ होलपर्यंत त्याचे बरे चालले होते. अकराव्या होलवर झुडपातला चेंडू त्याच्या बुटाच्या स्पर्शाने जागचा हलला. कोणी पाहिले नव्हते, कॅडीही पाठमोरी होती. गोल्फमध्ये पंच नसतो, फटके ज्याचे त्यानेच मोजावयाचे असतात. त्याने हात वर करून सांगितले आणि चेंडू मूळ जागी ठेवून एक फटका दंड लावून घेतला. निर्यातदार पलीकडच्या बंकरमध्ये उभा होता. तो काही बोलला नाही.

तीनही दिवस शहाळ्यांचे पैसे त्यालाच द्यावे लागले. घरी आल्यावर वडिलांनी सहलीच्या सर्व पावत्या मागून घेतल्या: आयोजकाचे बिल, टीसीएसची नोंद, विम्याचा कागद, चलनविनिमयाची पावती. त्या गड्ड्यात कॅडीने पेन्सिलीने भरलेले एक गुणपत्रकही आले. त्यावर शेवटी १२७ असा आकडा होता. "हा कसला हिशेब?" त्यांनी विचारले. मुलाने समजावून सांगितले, अकराव्या होलचा तो एक फटकाही दाखविला. वडिलांनी चष्मा लावून अठराही रकाने वरपासून खालपर्यंत बेरजेने तपासले, जुळत असल्याची खूण केली आणि कागद टाचणी लावून त्याच फाइलमध्ये ठेवला.